चाळिशीतला बहिरेपणा आणि पाच वर्षांची अट

पस्तिशी ओलांडलेली, अंगाने बारीक असलेली बाई. चार-पाच वर्षांपासून दोन्ही कानांनी सारखेच कमी ऐकू येत चाललेले. आता रक्तात साखर निघाली आहे. घरात आणखी कोणाला आहे का, असे विचारले तर उत्तर येते की आईला साखर होती आणि तिचे कानही चाळिशीतच गेले होते. मावशीचे तसेच. मामाही म्हातारपण यायच्या आधीपासून 'मोठ्याने बोल' म्हणत असत. वडिलांच्या बाजूला यातले काही नाही. असे चित्र कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात समोर येऊ शकते. बहुतेक वेळा ते दोन वेगळ्या कागदांवर लिहिले जाते. मधुमेह एका डॉक्टरांच्या कागदावर, बहिरेपणा दुसऱ्यांच्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले तर एकाच आजाराचा संशय यायला हवा. तो आजार म्हणजे आईकडून आलेला मायटोकाँड्रियाचा दोष.

अशा बहिरेपणावर कॉक्लिअर इम्प्लांट उपयोगी पडते का, हा या आढाव्याचा पहिला प्रश्न. जगभरच्या अनुभवाचे उत्तर बहुतांशी 'हो' असे आहे. दुसरा प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे. महाड किंवा पोलादपूर तालुक्यातल्या माणसापर्यंत हे उत्तर पोहोचते का? इथे मात्र विज्ञान आणि व्यवस्था यांच्यात मोठी फट दिसते. सरकारी मदत लहान मुलासाठी आखलेली आहे, आणि हा आजार प्रामुख्याने कर्त्या वयात कान नेतो.

कानाला लागणारी ऊर्जा

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे सूक्ष्म घटक असतात. अन्न आणि प्राणवायू यांच्यापासून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा प्रामुख्याने तेच तयार करतात. पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएखेरीज त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. तो १६,५६९ अक्षरांचा आहे आणि त्यात फक्त ३७ जनुके आहेत. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी १९८१ साली तो पूर्ण वाचला. त्यातल्या बिघाडाने माणसाला आजार होतो, हे १९८८ साली पहिल्यांदा सिद्ध झाले. म्हणजे ही सगळी ज्ञानशाखाच अजून तरुण आहे.

ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते ते या आजारात आधी थकतात. मेंदू, हृदय, स्नायू, डोळ्याचा पडदा, इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी आणि कान. कानाच्या आत कॉक्लिआ नावाचा सुमारे अडीच वेढ्यांचा शंख असतो. त्याच्या भिंतीवर स्ट्रिया व्हॅस्क्युलॅरिस नावाचे अस्तर असते. हे अस्तर पोटॅशियम सतत पंप करून आतल्या द्रवात सुमारे ८० मिलीव्होल्टचा विद्युतदाब टिकवून धरते, म्हणून त्याला कानाची बॅटरी म्हणतात. याच दाबावर केशपेशी काम करतात. प्रत्येक कानात बाहेरच्या ओळींत सुमारे १२ हजार आणि आतल्या ओळीत सुमारे साडेतीन हजार केशपेशी असतात. एकदा मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

मायटोकाँड्रिया कमजोर असले की ही बॅटरी उतरते आणि पाठोपाठ केशपेशी मरत जातात. आधी उंच पट्टीचे आवाज जातात, म्हणजे स, श, त, क यांसारख्या व्यंजनांमधला फरक पुसट होतो. मग माणूस सांगतो की आवाज येतो, पण शब्द कळत नाही. पुढे खालच्या पट्टीचेही आवाज जातात. श्रवणाच्या मज्जातंतूत सुमारे ३० हजार तंतू असतात. या आजाराच्या बऱ्याच प्रकारांत हे तंतू आणि त्यांच्या पेशी पुरेशा संख्येने शाबूत राहतात. इम्प्लांटच्या यशाचे मूळ इथेच आहे.

आजोळाकडून येणारा वारसा

मायटोकाँड्रियाचा डीएनए मुलाला फक्त आईकडून मिळतो. दोष असलेल्या बाईकडून तो तिच्या सर्व मुलांकडे जाऊ शकतो, मुलगा असो वा मुलगी. पुढे मुलगी तो आपल्या मुलांना देते, मुलाच्या अपत्यांकडे मात्र तो जात नाही. लग्नाच्या परिचयपत्रात आपण मामकूळ आवर्जून लिहितो. केसपेपरवर आजोळाला जागा नसते, आणि या आजाराचा पहिला धागा तिथेच सापडतो.

एकाच घरातल्या भावंडांत आजार वेगवेगळ्या तऱ्हेने दिसतो, त्याचेही कारण आहे. एका पेशीत मायटोकाँड्रियाच्या डीएनएच्या शेकडो-हजारो प्रती असतात. त्यांतल्या किती सदोष आणि किती निरोगी, हे प्रमाण माणसागणिक बदलते आणि एकाच माणसाच्या अवयवागणिकही बदलते. म्हणून एका बहिणीला फक्त साखर असते, दुसरीचे फक्त कान जातात आणि तिसऱ्या भावाला तरुणपणीच पक्षाघातासारखे झटके येतात. हे तिघे एकाच आजाराचे रुग्ण आहेत, असे कोणाच्या मनातही येत नाही.

सर्वात जास्त अभ्यासलेला दोष ३२४३ क्रमांकाच्या जागेवरचा आहे. तिथे 'ए' या अक्षराऐवजी 'जी' येते. झटके, पक्षाघातासारखे हल्ले आणि रक्तात वाढणारे लॅक्टिक आम्ल अशा तीव्र रूपाला १९८४ साली 'मेलास' हे नाव मिळाले. आईकडून येणारा मधुमेह आणि बहिरेपणा या सौम्य वाटणाऱ्या रूपाशी तोच दोष १९९२ साली एका डच कुटुंबात जोडला गेला. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास मधुमेहाच्या रुग्णांपैकी अर्धा ते तीन टक्क्यांपर्यंत लोकांत हे कारण असल्याचे सांगतात. मधुमेहाचा पसारा आपल्याकडे किती मोठा आहे ते पाहता, यातला खालचा आकडाही दुर्लक्ष करण्याजोगा नाही. अनेकदा कान आधी जातात आणि साखर नंतर निघते. म्हणजे कानाकडे वेळीच पाहिले तर मधुमेहाचीही आगाऊ सूचना मिळते.

निदान करताना एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. या दोषाचे रक्तातले प्रमाण वयाबरोबर घटत जाते. चाळिशीतल्या रुग्णाच्या रक्तात तो सापडला नाही तरी लघवीतल्या पेशींत सापडू शकतो. रक्ताचा एक अहवाल 'निगेटिव्ह' आला म्हणून फाइल बंद करणे धोक्याचे. शिवाय मायटोकाँड्रियाच्या हजाराहून अधिक प्रथिनांची जनुके केंद्रकातल्या डीएनएत असतात. त्यांतले दोष आई आणि वडील दोघांकडूनही येतात. त्यामुळे आजोळाकडे कोणी बहिरे नाही, एवढ्यावरून मायटोकाँड्रियाचा आजार नाकारता येत नाही.

औषधाने उघडा पडणारा दोष

याच डीएनएत १५५५ क्रमांकाच्या जागेवर आणखी एक दोष असतो. तो अंगात असलेल्या अनेकांना एरवी नीट ऐकू येत असते. मात्र स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन, अमिकासिन या गटातले इंजेक्शन मिळाले की नेहमीच्या मात्रेतही कान जाऊ शकतात, आणि गेलेले ऐकणे परत येत नाही. ही औषधे जिवाणूंच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेवर हल्ला करतात. मायटोकाँड्रियाची यंत्रणा मुळात जिवाणूंसारखीच असते आणि या दोषामुळे ती जिवाणूंच्या आणखी जवळ जाते. त्यामुळे औषध आपल्याच पेशींवर घसरते. हा संबंध १९९३ साली सिद्ध झाला.

स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा. क्षयरोगावरचे ते पहिले खरे औषध, आणि त्याने असंख्य जीव वाचवले. कोकणातून गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्यांच्या घरांत क्षय हा ओळखीचा शत्रू होता, आणि सुयांचा तो कोर्सही तितकाच ओळखीचा. क्षयाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुन्हा आजारी पडलेल्यांना स्ट्रेप्टोमायसिन आणि औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाला कॅनामायसिन दीर्घकाळ दिले जात असे. २०१८ नंतर जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिन मागे घेतले. आपल्याकडेही तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचे उपचार आले. कानांच्या दृष्टीने हा मोठा दिलासा आहे.

जेंटामायसिनबद्दल मात्र तोल सांभाळून बोलले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या प्रशिक्षित बायकांच्या हातून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना जेंटामायसिनही दिले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. हे औषध सोडून द्या, असे कोणीही म्हणू नये. बाळ वाचवणे पहिले. मात्र आईच्या घरात इंजेक्शननंतर कोणाचे कान गेले होते का, हे विचारायला अर्धे मिनिट पुरते आणि उत्तर 'हो' असेल तर दुसरे औषध निवडता येते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी बाळाच्या गालातून घेतलेल्या नमुन्यावर २६ मिनिटांत हा दोष सांगणारी चाचणी खाटेशेजारी वापरून दाखवली. तिचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जन्मजात बहिरेपणाच्या ज्ञात जनुकीय कारणांत 'जीजेबी-२' या केंद्रकातल्या जनुकाचे नाव पुढे आहे आणि मायटोकाँड्रियाचा वाटा त्यामानाने लहान आहे. तरीही वाचवता येण्याजोगा एक कानसुद्धा केवळ प्रश्न न विचारल्यामुळे जाऊ नये.

इम्प्लांट काय करते

साधे कानाचे मशीन आवाज मोठा करून कानात सोडते. तो पकडायला केशपेशी जिवंत लागतात. कॉक्लिअर इम्प्लांट केशपेशींना वगळून थेट मज्जातंतूला विजेचे संकेत देते. कानामागे लावलेला प्रोसेसर आवाज टिपून त्याचे पट्टीनुसार भाग पाडतो. डोक्याला चुंबकाने चिकटलेली चकती ते संकेत त्वचेखालच्या यंत्राकडे पाठवते. तिथून कॉक्लिआत सरकवलेल्या बारीक तारेवरची १२ ते २२ विद्युतअग्रे मज्जातंतूला चेतवतात.

पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी १९५७ साली या दिशेने पहिला प्रयोग केला. अमेरिकेत विल्यम हाउस यांनी १९६१ पासून काम पुढे नेले. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर यांनी १९७७ साली, मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक विद्युतअग्रांची यंत्रे बसवली. आजची यंत्रे त्यांचीच वंशज आहेत. मुंबईत ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना २०१४ साली पद्मश्री मिळाली.

यंत्र बसले की लगेच ऐकू येते, हा समज घरच्यांना फार त्रास देतो. जखम भरल्यावर साधारण दोन ते चार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. सुरुवातीला आवाज यांत्रिक, कर्कश, अनोळखी वाटतो. प्रत्येक विद्युतअग्राला किती वीज द्यायची याची जुळणी, म्हणजे मॅपिंग, पुन्हा पुन्हा करावी लागते. मेंदू हळूहळू नव्या संकेतांना जुने अर्थ लावतो. मोठेपणी कान गेलेल्या माणसाला भाषा आधीच येत असते, त्यामुळे त्याचा हा प्रवास सोपा असतो. काही महिन्यांत शांत खोलीत ओठांकडे न पाहता बोलणे समजू लागते. गोंगाटात ऐकणे आणि गाण्याचा आस्वाद यांत उणीव राहते.

हाती आलेले निष्कर्ष

मायटोकाँड्रियाच्या आजारात इम्प्लांट बसवलेल्यांची माहिती जगभर विखुरलेली आहे. कुठे एक रुग्ण, कुठे पाच. ती एकत्र करून पाहणारे आढावे २००० नंतर प्रसिद्ध होत आले आहेत आणि त्यांचा कौल बऱ्यापैकी सारखा आहे. ३२४३ चा दोष, १५५५ चा दोष किंवा कर्न्स-सायर हा मायटोकाँड्रियाचाच आणखी एक आजार असलेल्या बहुतेक रुग्णांना इम्प्लांटनंतर बोलणे समजू लागले. अनेकांना फोनवर बोलता आले. एके काळी मेंदूचाही आजार असल्यामुळे इम्प्लांट वाया जाईल, अशी भीती होती. सरसकट ती खरी ठरली नाही.

अपवाद मात्र महत्त्वाचे आहेत. 'मेलास'च्या हल्ल्यांनी मेंदूचा ऐकण्याचा भागच दुखावला तर कानातले यंत्र ठीक असूनही शब्द उमगत नाहीत. मुलग्यांमध्ये दिसणाऱ्या मोर-ट्रानेब्येर्ग आजारात मज्जातंतूच्या पेशीच नाहीशा होतात. विजेचा संकेत घेणारेच उरत नाहीत म्हणून फायदा अगदी मर्यादित राहतो. उलट 'ओपीए-१' या जनुकाच्या दोषात श्रवणाच्या मज्जातंतूचे टोक बिघडलेले असते, पण इम्प्लांट त्याच्या पुढे संकेत देत असल्याने अनेकांना चांगला उपयोग झाला आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेआधी जनुकीय निदान व्हावे. बिघाड कुठे आहे यावर अपेक्षा किती ठेवायची हे ठरते.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. रुग्ण थोडे आहेत आणि यशाच्या कहाण्या अपयशापेक्षा अधिक छापल्या जातात. वीस वर्षांनंतर काय होते, याची माहिती तुटपुंजी आहे. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेने मायटोकाँड्रियाच्या रुग्णांच्या श्रवणाचा अभ्यास केला आहे, पण इम्प्लांटनंतरच्या दीर्घ नोंदी भारतात वाढायला हव्यात. सर्व देशांतून एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली आहे. बहिरेपणाची वर्षे जितकी कमी, तितका फायदा जास्त. वाट पाहण्याची किंमत रुग्णाचा मेंदू मोजतो.

शस्त्रक्रियेच्या वेळची काळजी

निदान आधी झाले तर भूलतज्ज्ञाला तयारी करता येते. या रुग्णांना फार वेळ उपाशी ठेवू नये, कारण उपासात त्यांची ऊर्जा झपाट्याने घसरते. शस्त्रक्रियेची वेळ सकाळी पहिली घ्यावी. रिंगर लॅक्टेट सलाइन सहसा टाळतात आणि साखरेवर लक्ष ठेवून ग्लुकोज देतात. हृदयाच्या विद्युतवहनाची तपासणी आधी करतात, विशेषतः कर्न्स-सायर आजारात. मधुमेहावरची मेटफॉर्मिन गोळी आपल्याकडे सर्रास दिली जाते. या आजारात तिच्यामुळे लॅक्टिक आम्ल वाढण्याची भीती असल्याने पर्याय शोधला जातो. झटक्यांवरचे व्हॅलप्रोएट काही प्रकारांत यकृतासाठी जीवघेणे ठरते. न्यूमोकॉकसची लस इम्प्लांटआधी घ्यावी, कारण मेंदूज्वराचा थोडा धोका असतो. पुढे एमआरआय लागण्याची शक्यता या रुग्णांत जास्त असते. त्यामुळे आतला चुंबक एमआरआय सहन करणारा आहे का, हे यंत्र निवडतानाच विचारावे आणि यंत्राचे ओळखपत्र कायम जवळ ठेवावे.

महाड-पोलादपूरची वाट

निदान, शस्त्रक्रिया आणि मॅपिंग हे सगळे मुंबईत किंवा पुण्यात आहे. महाडहून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग शंभर किलोमीटरांहून दूर. पोलादपूर त्याही पलीकडे. डोंगरातल्या वाडीवरून आधी पोलादपूर, मग महामार्गाने मुंबई किंवा महाडजवळच्या वीर स्थानकावरून कोकण रेल्वे. परळ-लालबागला किंवा उपनगरात कोणी नातेवाईक असला तर मुक्कामाची सोय होते. शस्त्रक्रियेसाठी एकदा माणूस कसाही जाईल. खरी कसोटी त्यानंतरच्या मॅपिंगच्या आणि श्रवण-प्रशिक्षणाच्या फेऱ्यांची आहे. भातलावणीच्या दिवसांत एक फेरी म्हणजे मजुरीचे दिवस बुडणे. फेऱ्या बंद पडल्या की लाखो रुपयांचे यंत्र कपाटात जाते.

इथला पाऊसही विचारात घ्यावा लागतो. सावित्रीच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत दमट ओलावा असतो आणि प्रोसेसरचा तो मोठा शत्रू आहे. रोज रात्री यंत्र सुकवण्याच्या डबीत ठेवणे, तिच्यातल्या सिलिका-जेलच्या पुड्या वेळेवर बदलणे, वीज गेली तर चार्ज होणाऱ्या बॅटरीसोबत वापरून टाकायच्या बॅटऱ्यांचा साठा ठेवणे, हे सगळे घरच्यांना आधी शिकवायला हवे.

आणखी एक गोष्ट माझ्या मते सर्वात गंभीर आहे. २२ जुलै २०२१ च्या सुमाराला महाड शहरात पुराचे पाणी शिरले, महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडीवरही डोंगर आला. अशा वेळी सावध करणारी गोष्ट म्हणजे आवाज, मग तो शेजाऱ्याची हाक असो, भोंगा असो किंवा फोन. इम्प्लांट वापरणारा माणूस झोपताना प्रोसेसर काढून ठेवतो आणि त्या वेळी तो पूर्ण बहिरा असतो. दरडप्रवण गावांच्या याद्या तहसील कार्यालयात तयार होतात. त्यांत ऐकू न येणाऱ्यांची नोंद असावी, त्यांच्याकडे कंप पावणारा गजर असावा आणि त्यांना उठवण्याची जबाबदारी शेजारच्या एका ठरलेल्या घरावर असावी. याला खर्च फारसा नाही.

मदत कोणाला मिळते

केंद्र सरकारच्या 'एडिप' योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते आणि वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, स्थापना १९८३, तिची प्रमुख यंत्रणा आहे. ही मदत मुख्यतः पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. भाषा आल्यावर कान गेलेल्या मुलांना वयात काही सूट आहे, तरी प्रौढ माणूस तिच्या बाहेरच राहतो. मुख्यमंत्री वैद्यकीय सहाय्यता निधीच्या आजारांच्या यादीतही कॉक्लिअर इम्प्लांट आहे, पण वय २ ते ६. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरात सुरू झाला. त्याची पथके अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. मुलांसाठी उभी राहिलेली ही व्यवस्था मोलाची आहे आणि ती कमी करा, असे कोणी म्हणणार नाही. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी पाच वर्षांच्या आतली घाई शास्त्रीयदृष्ट्याही योग्यच आहे, कारण मेंदूची भाषा शिकण्याची खिडकी तेवढ्या काळातच सताड उघडी असते.

मायटोकाँड्रियाचा बहिरेपणा मात्र या चौकटीत बसत नाही. असे मूल जन्मल्यावर कानाच्या चाचणीत सहज पास होते आणि शाळेतही ठीक असते. कान जातात विशीत, तिशीत, चाळिशीत. त्या वयात ती बाई घर चालवत असते, आशाताई म्हणून काम करत असते, दुकानात बसत असते. तो माणूस महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जात असतो. साध्या मशीनचा उपयोग संपतो त्या दिवशी रोजगारही धोक्यात येतो. इम्प्लांटचा खर्च लाखांत आणि योजनेच्या अर्जात वयाची अट. ज्याला भाषा आधीच येते आणि ज्याला इम्प्लांटचा लाभ लवकर होण्याची शक्यता जास्त, तोच माणूस दाराबाहेर उभा राहतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० डेसिबलपासून श्रवणदोष आणि ७० डेसिबलपासून बहिरेपणा मानला जातो. वाढत जाणाऱ्या आजारात हे प्रमाणपत्र वेळीच काढावे, म्हणजे नोकरीतले संरक्षण आणि प्रवासातल्या सवलती तरी मिळतात. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचे केईएम रुग्णालय उत्कृष्टता केंद्र आहे. मायटोकाँड्रियाचा संशय आलेल्या कुटुंबाला जनुकीय निदानासाठी जाण्याचे हे जवळचे सरकारी दार आहे. नायर रुग्णालयाशी जोडलेली श्रवण आणि वाचा उपचारांची शिक्षणसंस्थाही मुंबईतच आहे.

तालुक्यातून सुरू होणारे काम

हे एवढे गुंतागुंतीचे शास्त्र, त्यात तालुक्याने काय करायचे, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर महाडच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे मरत होती. रुग्णालयात आलेल्यांपैकी ३० ते ४० टक्के दगावत. त्यांनी खाटेशेजारी बसून लक्षणे नोंदवली आणि प्राझोसिन हे औषध वापरले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. ते काम 'लॅन्सेट'सह जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत पोहोचले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बारकाईने पाहणे आणि लिहून ठेवणे यांना मोठे शहर लागत नाही, हे या तालुक्याने सिद्ध केले आहे.

त्याच वाटेने पुढची पावले टाकता येतील. महाड आणि पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयांत मधुमेहाच्या प्रत्येक नव्या रुग्णाला तीन प्रश्न विचारावेत: ऐकायला कमी येते का, आईला किंवा मावशी-मामाला साखर आणि बहिरेपणा दोन्ही होते का, एखाद्या इंजेक्शननंतर घरात कोणाचे कान गेले का. उत्तर होकारार्थी असेल तर श्रवणचाचणी करावी, लघवीचा नमुना जनुकीय तपासणीसाठी पाठवावा आणि रुग्णाच्या हाती टाळायच्या औषधांचे कार्ड द्यावे. त्या कुटुंबातल्या मुलींची कानांची तपासणी दरवर्षी व्हावी आणि मुलग्यांचीही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डीजेपासून आणि कारखान्याच्या आवाजापासून त्यांचे कान जपावेत, कारण दुबळ्या केशपेशींवर आवाजाचा मार अधिक बसतो. मॅपिंगची सोय महिन्यातून एक दिवस महाडला यावी. मुंबईचा एक ऑडिओलॉजिस्ट लॅपटॉप घेऊन आला तर वीस घरांच्या फेऱ्या वाचतील.

शासनाकडे मागणी एकच आहे आणि ती स्पष्ट आहे. कॉक्लिअर इम्प्लांटच्या मदतीतली वयाची अट भाषा येण्याआधी बहिऱ्या झालेल्या मुलांपुरती ठेवावी. भाषा आल्यानंतर ज्यांचे कान गेले, त्यांच्यासाठी वय हा निकष नसावा. साध्या मशीनने काम भागत नाही, मज्जातंतू शाबूत आहे आणि पुनर्वसनाची तयारी आहे, हे तीन निकष पुरेत. जगातला वैद्यकीय अनुभव या रुग्णांच्या बाजूने आहे. चाळिशीतल्या बाईचे ऐकणे परत मिळवून देण्यासाठी लागणारे कौशल्य मुंबईत आहे. तिच्यापर्यंत ते पोहोचवायला नियमातली एक ओळ बदलावी लागेल आणि महाडच्या केसपेपरवर आजोळाचा एक रकाना वाढवावा लागेल. ही दोन्ही कामे याच वर्षी होऊ शकतात.